तणमोराची वाट

"मला सांगितलं का नाही, बाबा?"

इंदलबाबांनी कापलेल्या गवताची पेंढी गुडघ्याखाली दाबली, गवताचाच पीळ केला आणि गाठ मारली. मग पुढचं गवत ओढलं.

"आठ महिने झाले. मी दर पंधरा दिवसांनी येतोय. तुम्ही एकदाही बोलला नाहीत."

"काहून बोलू?" बाबा म्हणाले. "तुले सांगून गवत उभं राह्यलं असतं काय?"

उपेंद्र खोडके बांधावर बसला. खांद्यावरचा कॅमेरा त्याने काढून मांडीवर घेतला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

उपेंद्र अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात शिकवायचा. वय सेहेचाळीस. गेल्या पोळ्याला त्याने वर्षभराची बिनपगारी रजा घेतली होती. जिल्ह्यात बाहेरून येणारा प्रत्येक पक्षी, मग तो हिवाळ्यातला असो की पावसाळ्यातला, एका वर्षात टिपायचा आणि शेवटी सगळ्यांचं प्रदर्शन भरवायचं, असं त्याने ठरवलं होतं. असं याआधी कोणी केलेलं नव्हतं. हे तो स्वतःच लोकांना सांगायचा.

इंदल सोळंके फासेपारधी. तरुणपण आणि उतारवयाची सुरुवात तितर-लाव्यांना फासे लावण्यात गेली. मग एक दिवस त्यांनी फासे चुलीत घातले. त्यानंतर गावाने त्यांना कुरण राखायला दिलं. चोरून गवत कापणारे, आग लावणारे, मोकाट गुरं, सगळ्यांना बाबा आवरत. त्याबद्दल गाव वर्षाची ज्वारी देई आणि कुरणाच्या कडेला झोपडीपुरती जागा.

पहिल्या भेटीत उपेंद्रने बाबांना आपली लेन्स दाखवली होती. कोपरापासून बोटांपर्यंत लांब. बाबांनी ती दोन्ही हातांत घेऊन वजन पाहिलं होतं आणि विचारलं होतं, एवढं ओझं घेऊन तू दबकून चालतो कसा?

उपेंद्रला दबकून चालता येत नव्हतं. ते बाबांनी शिकवलं. वारा कुठल्या अंगाला घ्यायचा, पाखरू मान वर काढतं तेव्हा कसं थिजायचं, तहान लागली तरी बाटलीला हात कधी लावायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं.

वर्षभरात एक्क्याण्णव पाहुणे झाले. धरणावरचे पट्टकादंब, नोव्हेंबरात दोनच दिवस थांबलेले अमूर ससाणे, मे महिन्याच्या शेवटी नाल्यातल्या झाडीत उतरलेला नवरंग. यादीत एकच नाव उरलं होतं. तणमोर.

पोळा चार दिवसांवर आला होता.

त्या सकाळी उपेंद्र बऱ्याच महिन्यांनी कुरणाच्या फाटकाशी आला, तेव्हा एका अनोळखी माणसाने त्याला काठी आडवी घालून थांबवलं. फोटोवाल्यांना आत बंदी आहे, असं तो म्हणाला. इंदलबाबा कुठे आहेत, असं उपेंद्रने विचारलं. म्हातारा इथे नाही, आता राखण माझ्याकडे आहे, असं उत्तर आलं. उपेंद्र चक्रावला. इतके महिने बाबा त्याला नाल्यावर नाहीतर पाझर तलावावर भेटायला बोलवत होते. तिकडे पाखरं जास्त आहेत म्हणून, असं त्याला वाटत होतं.

माणूस बोलका होता. जानेवारीत कोणा शहाण्याने इथला फोटो टाकला, तो सांगत होता. त्याच्यामागे गाड्यांवर गाड्या आल्या. अर्धं कुरण चाकांखाली गेलं, माजलेलं गवत मातीला मिळालं. लोक म्हणाले, त्या फोटोवाल्याला इंदलनेच आणलं होतं. मग काढलं त्याला.

आपण कोणाशी बोलतोय हे त्या माणसाला माहीत नव्हतं. उपेंद्रनेही ते सांगितलं नाही.

आता तो दुसऱ्याच्या बांधावर बसला होता आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे इंदलबाबा दुसऱ्याच्या बांधावरचं गवत मजुरीने कापत होते.

बाबांची आणखी एक पेंढी बांधून झाली.

"गावाचं नाव मीच लिहिलं होतं," उपेंद्र म्हणाला.

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"पह्यल्या ऐतवारपासून. गाडीवाले तुझंच नाव घेऊन मले रस्ता इचारत होते."

उपेंद्रने मान खाली घातली.

जानेवारीतले ते दिवस भोवत्यांचे होते. थंडीत हे लांब पंखांचे शिकारी पक्षी फार दुरून येतात आणि संध्याकाळी कुरणातल्या गवतात, जमिनीवर, एकमेकांच्या आसपास झोपायला उतरतात. बाबांनी त्याला ती जागा दाखवली होती. एका फोटोत सतरा भोवत्ये आले होते, खाली सूर्य, वर पंख. उपेंद्रने तो पक्षीमित्रांच्या गटावर टाकला. एकाने शंका काढली, की एवढे भोवत्ये आपल्या जिल्ह्यात कुठले, फोटो गुजरातेतला असणार. उपेंद्रला राग आला. रागात त्याने गावाचं नाव लिहिलं, कुरणाचा रस्ताही लिहिला.

पहिल्या रविवारी अकरा गाड्या आल्या. तिसऱ्या रविवारी कोणीतरी जीप थेट गवतात घातली. त्यानंतर भोवत्ये उतरले नाहीत.

उपेंद्रला यातलं भोवत्यांचं तेवढं ठाऊक होतं. त्याबद्दल तो बाबांशी कधी बोलला नव्हता. बाबांना कळलं नसेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. पुढच्या खेपेला त्याने त्यांच्यासाठी एक घोंगडी आणली होती. बाबांनी ती घेतली होती.

"मग मला तेव्हाच हाकलून का नाही दिलं?"

बाबांनी विळा गवतावर पुसला.

"तवा तू दमला नोता."

दूर कोणाच्या तरी शेतात फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"आता दमलोय," उपेंद्र म्हणाला.

बाबा त्याच्याकडे पाहत राहिले.

मग उपेंद्र हळूहळू बोलत गेला. पाय दुखतात म्हणून नाही, असं तो म्हणाला. मुलीचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तो नवरंगामागे नाल्यात बसला होता. फोन बंद होता. रात्री घरी गेला तर पेढे संपले होते आणि मुलगी झोपली होती. त्याने बायकोला नवरंगाचा फोटो दाखवला. तिने तो नीट पाहिला, छान आहे म्हणाली. त्या रात्रीपासून आपल्याला एकही पक्षी पाहिल्यासारखा वाटत नाही. पक्षी दिसतो, बोट दाबलं जातं, यादीवर खूण होते आणि लगेच पुढच्याचा विचार सुरू होतो. एक्क्याण्णव झाले. पण डोळे मिटले तर त्यातला एकही समोर येत नाही, फोटोच येतात.

"मी आज तणमोर मागायला नाही आलो, बाबा. तुमचं काम गेलं म्हणून आलो. काय करू ते सांगा. गावासमोर उभा राहतो. माफी मागतो."

"राह्यजो उभा," बाबा म्हणाले. "पन ते उद्या."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. विळा त्यांनी पेंढ्यांत खोचला.

"चाल."

"कुठे?"

"तणमोराकडे."

तणमोर हा माळावरचा पाहुणा. कोंबडीएवढा, लाजरा. पावसाळ्यात येतो, वीण उरकतो आणि पाऊस सरला की जातो. कुठे जातो, हे नीट कोणाला सांगता येत नाही. नर दिवसभर गवतावर उंच उड्या मारतो, मादीला दिसावं म्हणून. एके काळी या भागात पुष्कळ होते. आता चार-पाच माळ पालथे घातले तर एखादा.

उपेंद्रने वर्षभर तो मागितला होता. दर वेळी बाबा एकच म्हणत, "आजून नाई."

आज तो उठला तेव्हा कॅमेरा त्याने खांद्याला लावला. सवयीनेच लावला. बाबांनी त्याकडे पाहिलं आणि ते पुढे चालू लागले.

दोघं नाला ओलांडून पलीकडच्या पडीक माळावर चढले. बाबा दर पन्नास पावलांवर थांबत. त्यांच्या छातीत घरघर होत होती. गवत कमरेएवढं होतं, सकाळच्या सरीने ओलं. उपेंद्र मागून चालत होता आणि चालता चालता त्याच्या लक्षात आलं, की आपण उजेड कुठून येतोय ते पाहतोय. पाठीमागून येतोय. चांगला येतोय. साडेचारपर्यंत असाच राहील.

त्याला स्वतःची लाज वाटली. तरी त्याने लेन्सवरचं झाकण काढून खिशात टाकलं.

बाबा एका ठिकाणी बसले. ती जागा पाहून उपेंद्रला नवल वाटलं. चारी बाजूंना गवत, समोर काही हातांवर जमिनीलगत एक अरुंदशी मोकळी फट. इथून काहीच दिसत नव्हतं.

इथून उडी दिसणार नाही, असं तो हळूच म्हणाला.

"नाई दिसत," बाबा म्हणाले. "बस."

तो बसला.

थोड्या वेळाने दूरवरून आवाज आला. बेडकासारखा, कोरडा. उपेंद्र गुडघ्यांवर उठला. शंभर-सव्वाशे पावलांवर गवताच्या शेंड्यांवर काहीतरी काळं उसळलं आणि खाली गेलं. अर्ध्या मिनिटाने पुन्हा.

तणमोर.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. फार लांब होता. एक काळा ठिपका, बाकी सगळं गवत. पन्नास पावलं पुढे गेलं तरी काम झालं असतं. त्याने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी मान हलवली. नाही.

"एकदाच, बाबा."

"बस."

तो बसला. दूर तो उड्या मारत राहिला. उपेंद्र आवाज ऐकत राहिला आणि मनात मोजत राहिला. सत्तरपर्यंत मोजून त्याने सोडून दिलं. ढग आले, उजेड गेला, पुन्हा आला. पायाला मुंग्या आल्या. मानेवर काहीतरी चावत होतं. बाबांनी दोन्ही गुडघे उभे केले, हात गुडघ्यांभोवती घेतले आणि कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. त्यांना झोप लागली असावी.

मग उड्यांचा आवाज थांबला.

गेला, असं उपेंद्रला वाटलं. चार दिवसांनी पोळा. संपलं. आणि त्याला आश्चर्य वाटलं, की आपल्याला फारसं वाईट वाटत नाही. फक्त अंग जड झालं होतं. इथेच गवतात आडवं व्हावं असं वाटत होतं.

"हालू नको," बाबा म्हणाले. डोकं वर न करता, ओठांतल्या ओठांत. "येऊन राह्यला."

उपेंद्रला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग आलं. गवतात पाऊल पडावं तसं. थांबावं तसं. पुन्हा पडावं तसं...

समोरच्या फटीत तणमोर आला.

चालत आला. तीन-चार हातांवर.

उपेंद्रच्या बोटाने आपोआप बटण अर्धं दाबलं. लेन्स आत घरघरली, पुढे गेली, मागे आली. काचेत नुसतं धुकं दिसत होतं. पंधरा फुटांच्या आतलं ती लेन्स धरतच नसे. दूरचं ओढून आणायला ती बनवली होती. सरकायला मागे जागा नव्हती. मागे गवत होतं आणि गवत वाजलं असतं.

त्याने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

तणमोर थांबला होता. घरघर त्याने ऐकली होती. मान वर करून तो गवताकडे पाहत होता.

शर्टाच्या खिशात फोन होता. उपेंद्रचा हात निघाला. छातीपर्यंत आला. खिशाच्या तोंडाशी दोन बोटं पोहोचली. फोनने फोटो आला असता. वर्ष पूर्ण झालं असतं.

तणमोराची चोच किंचित उघडी होती. तो धापा टाकत होता. सकाळपासून, कोण जाणे किती वेळा, त्याने उडी मारली होती. गळ्याखालची कातडी भराभर हलत होती. एका पायाला ओल्या गवताचं पातं चिकटलं होतं, ते झटकण्याइतकंही त्राण त्याच्यात दिसत नव्हतं. त्याने एक डोळा मिटला, उघडला.

उपेंद्रचा हात तिथेच राहिला. मग हळूहळू, कोणीतरी दुसराच उतरवत असल्यासारखा, मांडीवर खाली आला.

किती वेळ गेला ते त्याला नंतर सांगता आलं नाही.

तणमोराने मान खाली केली आणि तो चालू लागला. उपेंद्रच्या गुडघ्यापासून दोन हातांवरून गेला. गवत मिटलं. पावलं काही वेळ ऐकू आली. मग तीही नाही.

माळावर वारा होता.

उपेंद्रच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याने ते पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच गावासमोर उभा राहिला. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. त्याने सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, त्याला चहा दिला, आणि राखण ज्याच्याकडे होती त्याच्याकडेच ठेवली. बाबांना ती परत मिळाली नाही. त्या हिवाळ्यात भोवत्येही कुरणात उतरले नाहीत. प्रदर्शन झालं, एक्क्याण्णव फोटोंचं. कुठल्याही फोटोखाली गावाचं नाव नव्हतं. लोकांनी कारण विचारलं तर उपेंद्र विषय बदलायचा. पंधरा दिवसांतून एकदा तो बाबांकडे जातच राहिला, गवत कापायला. त्याला ते नीट जमत नसे. एकदोनदा मुलगीही बरोबर आली.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी, माळावर, तो कितीतरी वेळ तसाच बसून होता. मग तो बाबांकडे वळला.

बाबांचं कपाळ अजून गुडघ्यांवर टेकलेलं होतं. डोळे घट्ट मिटलेले.

"बाबा."

"गेला?"

"गेला," उपेंद्र म्हणाला. "तुम्ही पाहिलं ना?"

"नाई."

"इतक्या जवळून गेला. तुमच्या पायाशी."

"ऐकलं म्या."

"मग डोळे का नाही उघडले?"

बाबांनी डोकं वर केलं. उजेड डोळ्यांत गेला तसे त्यांनी डोळे बारीक केले. आपला उजवा हात त्यांनी समोर धरला. आंगठा आणि पहिलं बोट जवळ आणलं, गाठ ओढावी तसं. मग तो हात त्यांनी डाव्या हाताने धरून खाली ठेवला.

"फासे सोडले, त्याले बावीस वर्सं झाली," ते म्हणाले. "हात सुटला. डोया नाई सुटला. जवळून पाह्यलं का हात चालते."

उपेंद्रने त्या हाताकडे पाहिलं.

"पण त्याच्या आधी तर तुम्ही शेकडो पाहिले असतील," तो म्हणाला.

"माना पाह्यल्या," बाबा म्हणाले. "फास कोठी बसन, तेवढी जागा पाह्यली. तणमोर नाई पाह्यला."

उपेंद्रच्या मांडीवर कॅमेरा होता. तो उघडून दाखवावा असं त्यात काही नव्हतं.

"फोटो नाही आला, बाबा."

बाबांनी मान डोलावली. गवतातली ती फट आता रिकामी होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, बिचकत पाहिलं. मग ते उपेंद्रच्या जवळ सरकले, मांडी घालून बसले आणि शाळेतल्या पोरासारखे हात मांडीवर ठेवून त्याच्या तोंडाकडे पाहू लागले.

"सांग मास्तर," ते म्हणाले. "कसा होता?"